ऊस ट्रॉलीचे मागचे दिवे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारखान्यांचे बॉयलर पेटले की ऊसपट्ट्यातल्या रस्त्यांवर रात्रभर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत फडातून कारखान्यावर आणि परत, खेपेमागून खेप. यातल्या कितीतरी ट्रॉल्यांच्या मागे दिवा नसतो, असला तर पेटत नाही, पेटला तर वाढ्यांआड (उसाच्या शेंड्याच्या पाल्याआड) दिसत नाही. ट्रॉलीमालक, ड्रायव्हर आणि नव्याने वाहतुकीत उतरलेली पोरं जे प्रश्न सारखे विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सगळं १२ व्होल्टच्या ट्रॅक्टरला धरून लिहिलं आहे.

बल्ब नवे टाकले, तरी ट्रॉलीचा एकही दिवा लागत नाही. सुरुवात कुठून करू?

बल्बपासून करू नका. एक दिवा गेला तर दोष बल्बचा असू शकतो. सगळे एकदम गेले तर दोष सगळ्यांच्या सामाईक जागी असतो, म्हणजे फ्यूज, सात पिनचं सॉकेट (ट्रॅक्टरच्या मागचं, ज्यात ट्रॉलीचा प्लग बसतो) किंवा अर्थ (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी जोडणी). दहातल्या बहुतेक ट्रॉल्यांमध्ये अर्थच सापडतो, कारण ट्रॉलीला वेगळी अर्थ वायर ओढायची पद्धतच नाही. लोखंडाला लोखंड लागलंय, जाईल करंट हुकातून, असं धरून चालतात. त्या हुकाला आणि पिनीला ग्रीस, माती आणि गंज. उभ्या गाडीत दिवे लागतात आणि रस्त्याला लागलं की लुकलुकतात, ते यामुळेच.

तपासायला एक टेस्ट लॅम्प करून घ्या. २१ वॅटचा १२ व्होल्टचा बल्ब, एक होल्डर, दोन वायरी आणि टोकाला दोन चिमटे, एवढंच सामान. मल्टीमीटर असला तरी हा बल्ब हवाच. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो आणि माणूस फसतो. बल्ब खरा करंट ओढतो, त्यामुळे अर्धवट तुटलेली वायर लगेच उघडी पडते.

आता क्रम. ट्रॉलीचा प्लग काढा, ट्रॅक्टरचे पार्किंग लाइट चालू करा. लॅम्पचा एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावा (वायर लांब लागेल), दुसरं टोक सॉकेटच्या ५ आणि ७ नंबरच्या पिनला आळीपाळीने टेकवा. लागला नाही तर दोष ट्रॅक्टरकडे आहे, फ्यूज आणि स्विच बघा. लागला तर निगेटिव्हचा चिमटा बॅटरीवरून काढून सॉकेटच्याच ३ नंबरच्या पिनला लावा. आता बल्ब मंदावला किंवा विझला तर सॉकेटची अर्थ गेली आहे. इथपर्यंत ठीक असेल तर प्लग जोडा, मागे जा आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून आणलेली लांब वायर टेललाइटच्या अर्थ बोल्टला टेकवा. दिवा लख्ख पेटला तर ट्रॉलीची अर्थ खराब. बल्बला हात न लावता काम संपलं.

सात पिनच्या सॉकेटमध्ये कोणती पिन कशाची?

प्रचलित मांडणी अशी: १ डावा इंडिकेटर, २ जादा (बहुतेक ट्रॅक्टरवर मोकळी), ३ अर्थ, ४ उजवा इंडिकेटर, ५ उजवा टेललाइट, ६ ब्रेक, ७ डावा टेललाइट. मांडणीतल्या वायरींचे रंग याच क्रमाने पिवळा, निळा, पांढरा, हिरवा, तपकिरी, लाल, काळा असे आहेत.

पण रंगांवर विश्वास ठेवायची सोय आपल्याकडे उरलेली नाही. आधीच्या वायरमनकडे लाल वायरीचं बंडल शिल्लक होतं म्हणून अख्खी ट्रॉली लाल झालेली असते. सॉकेट उघडलं की प्रत्येक स्क्रूशेजारी बारीक आकडे कोरलेले दिसतात, त्या आकड्यांनी जा. जागेवरूनही जाऊ नका. सॉकेट समोरून पाहिलं आणि प्लग मागून उघडला की डावं-उजवं उलटं होतं, आणि ड्रायव्हरने डावीकडे हात दाखवला की ट्रॉली उजवीकडे वळतोय म्हणून सांगते. ट्रॅक्टर जुना असेल तर त्याचं सॉकेटही कुणीतरी मनाने जोडलेलं असू शकतं, म्हणून प्रत्येक पिन एकदा टेस्ट लॅम्पने बघून घ्या.

ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतात, ट्रॅक्टरचे टेललाइटही किंचित लागतात. हे काय भूत आहे?

भूत अर्थचंच आहे. टेललाइटच्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, पार्किंगची ५ वॅटची आणि ब्रेकची २१ वॅटची. दोघींचा परतीचा रस्ता एकच, बल्बची पितळी टोपी. ब्रेकचा करंट २१ वॅटच्या फिलामेंटमधून टोपीपर्यंत येतो. पुढे अर्थ तुटलेली असेल तर तो तिथे थांबत नाही. मोरी तुंबली की पाणी जसं दुसऱ्या जाळीतून वर येतं, तसा तो ५ वॅटच्या फिलामेंटमधून उलटा पार्किंगच्या वायरीत शिरतो, ट्रॅक्टरपर्यंत जातो आणि तिथल्या टेललाइटमधून अर्थ गाठतो. त्याच दिव्यात इंडिकेटरचा बल्ब असेल तर थोडा करंट तिकडूनही निघतो. इतक्या फिलामेंट पार करताना ताकद संपते, म्हणून सगळं मंद.

अशा वेळी इंडिकेटरची वायर शोधत बसलात तर दिवस जातो. टेललाइटच्या अर्थपासून थेट प्लगच्या ३ नंबरपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची अखंड वायर ओढा. वाटेत तिला चेसला (ट्रॉलीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला) एक-दोन ठिकाणी बोल्ट करा, पण हुकाच्या भरवशावर सोडू नका.

फ्यूज सारखा उडतो. जाड तार टाकली तर चालतं का?

चालतं, आणि तेच वाईट आहे. फ्यूज उडतो म्हणजे कुठेतरी वायर सोलून लोखंडाला लागली आहे. तिथे तांब्याचे पदर किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवली की फ्यूजऐवजी वायर तापते. ट्रॉलीत काय भरलंय ते आठवा. चेसच्या कोनाकोपऱ्यात वाळलेलं पाचट अडकलेलं असतं आणि वायर त्याच्याच खालून गेलेली असते.

कंपनीने दिलेल्या अँपिअरचाच फ्यूज घाला, दोन-चार जादा टूलबॉक्समध्ये ठेवा. शॉर्ट शोधायची सोपी रीत आहे. उडालेल्या फ्यूजच्या जागी तोच २१ वॅटचा टेस्ट लॅम्प दोन टोकांत जोडा आणि ट्रॉलीचे बल्ब काढून ठेवा. शॉर्ट असेपर्यंत लॅम्प पूर्ण पेटेल. आता ट्रॉलीखाली जाऊन वायर थोडी थोडी हलवत चला. ज्या जागी हात लावल्यावर लॅम्प विझतो, ती जागा. बहुतेक वेळा ती चेसला पाडलेल्या भोकात असते (रबरी बुश न घालता वायर तशीच ओढलेली) किंवा हुकाजवळ, जिथे वायर लोंबून पिनीत चेंगरते.

दिवे लागतात, पण अगदी मिणमिणते. का?

तीन कारणं. अर्थबद्दल वर सांगून झालं.

दुसरं, बल्ब २४ व्होल्टचा आहे. ट्रकच्या जुन्या सामानातून टेललाइट आणून ट्रॉलीला बसवायची पद्धत आहे, आणि मोठे ट्रक २४ व्होल्टचे असतात. २४ चा बल्ब १२ वर लावला की फिलामेंट नुसती लालसर दिसते. बल्बच्या टोपीवर व्होल्टेज कोरलेलं असतं. नख घासून बघा, वाचता येतं.

तिसरं, वायर बारीक. घरातल्या बेलची वायर ट्रॉलीला लावलेली आढळते. हिशोब करून बघू. ब्रेकचे दोन बल्ब मिळून ४२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला साडेतीन अँपिअर. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या १० मीटर वायरीत एवढ्या करंटला सव्वा व्होल्टच्या आसपास खर्ची पडतात. परतीची वायरही तेवढीच बारीक असली की दुप्पट, म्हणजे बारातले अडीच व्होल्ट रस्त्यातच गेले. दीड चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर एका बाजूला अर्ध्या व्होल्टच्याही आत काम होतं. बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने पडतो. बारीक वायर घेऊन जी बचत होते ती चहापाण्याएवढी.

बल्ब दर आठवड्याला जातात. कंपनी खराब आहे का?

कधी असेलही. आधी हे बघा. ट्रॅक्टर चालू ठेवून, रेस देऊन बॅटरीवर मीटर लावा. १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला आहे. तो ट्रॉलीचेच नाही, पुढचेही बल्ब खाईल आणि बॅटरीचं पाणी आटवेल. बॅटरीचा टर्मिनल ढिला असेल तरी व्होल्टेज उसळतं.

व्होल्टेज बरोबर असेल तर हादरे. रिकामी ट्रॉली खड्ड्यातून येताना भरलेल्यापेक्षा जास्त आपटते, आणि दिवा फाळक्यावर (ट्रॉलीच्या मागच्या झडपेवर) लावला असेल तर प्रत्येक आपट्याला फाळका वाजतो तसा फिलामेंटलाही दणका बसतो. दिवा फाळक्यावरून काढून चेसच्या मागच्या आडव्या चॅनलवर घ्या, बोल्टखाली सायकल ट्यूबचा तुकडा घाला.

तिसरी गोष्ट पाणी. दिव्याच्या घरात एका बाजूला बारीक भोकं असतात, ती पाणी निघून जायला. तिथे दिवा उलटा बसवलेला असला तर ती वर येतात, आणि ट्रॉली धुताना पाणी आत भरतं. तापलेल्या काचेवर गार पाण्याचा थेंब पडला की बल्ब तडकतो, होल्डरही हिरवा पडतो.

ट्रॉली जोडल्यावर इंडिकेटर एक तर पेटूनच राहतो नाहीतर भराभर मारतो.

फ्लॅशरचा, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीचा प्रश्न. जुन्या डबीवजा फ्लॅशरमध्ये करंटने तापून वाकणारी पट्टी असते. ट्रॉलीचे बल्ब वाढले की ती लवकर तापते आणि इंडिकेटर घाईने मारतो. बल्ब गेला की पुरेशी तापत नाही, दिवा नुसताच लागून राहतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरचं उलटं आहे, एखादा बल्ब गेला की तो दुप्पट वेगाने मारून ड्रायव्हरला कळवतो. फ्लॅशरवर किती वॅटचा लोड चालतो ते छापलेलं असतं. ट्रॉलीसह बेरीज त्यात बसते का बघा, नाहीतर जास्त लोडचा घ्या.

डबल ट्रॉलीत मागच्या ट्रॉलीला करंट कसा न्यायचा?

दोन ट्रॉल्या ओढण्याच्या परवानगीचा विषय वेगळा, इथे फक्त दिव्यांचं. पुढच्या ट्रॉलीच्या मागे पूर्ण सात पिनचं सॉकेट बसवा आणि मागच्या ट्रॉलीला प्लग द्या. पुढच्या ट्रॉलीच्या टेललाइटमधून वायर सोलून पुढे जोडायची नाही. त्या जोडावर एका पिळाने दोन ट्रॉल्यांचा लोड येतो, आणि पिळ ढिला झाला की मागची ट्रॉली अंधारात जाते. पुढची पेटलेली असते, त्यामुळे ड्रायव्हरला पत्ता लागत नाही.

दोन ट्रॉल्या म्हटल्यावर मुख्य वायर २.५ चौरस मिलिमीटरची घ्या. शेवटच्या ट्रॉलीचे दिवे सगळ्यात महत्त्वाचे, कारण मागून येणाऱ्याला फक्त तेच दिसतात. पैशाची ओढाताण असेल तर चांगलं सामान शेवटच्या ट्रॉलीला लावा. दोन ट्रॉल्यांच्या मधे रात्री कुणी दुचाकी घालू नये म्हणून मधल्या जोडाच्या दांड्यालाही रेडियम पट्टी हवी.

एलईडी लावावेत का?

लावावेत. फिलामेंट नसल्यामुळे हादऱ्याने तुटत नाहीत, आणि करंट इतका कमी लागतो की बारीक वायरीचा त्रासही कमी होतो. सीलबंद, १० ते ३० व्होल्ट लिहिलेले घ्या. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटं झालं तर लागत नाहीत, तेव्हा लगेच खराब म्हणून दुकानात परत नेऊ नका, वायरी बदलून बघा.

एक अडचण येते. लोड कमी झाल्यामुळे जुना फ्लॅशर बिघडल्यासारखा वागतो. त्यावर कुणी रेझिस्टन्स जोडायला सांगेल. तो हाताला चटका बसेल इतका तापतो, आणि पाचट असलेल्या गाडीत तापणारी वस्तू मुद्दाम का ठेवायची? एलईडीला चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या, विषय संपला.

एक सांगून ठेवतो. एलईडी लावून अर्थचा दोष जात नाही, तो झाकला जातो. आणि मागच्या बाजूला निळ्या-हिरव्या लुकलुकत्या पट्ट्या लावून ट्रॉलीची वरात करू नका. मागे लाल दिसला की समोर गाडी आहे हे माणसाला विचार न करता कळतं, बाकी रंगांचं तसं नाही.

वायरिंग नव्याने करायचं आहे. कसं करू म्हणजे हंगामभर बघायला नको?

सात कोअरची एकच केबल घ्या, सुट्या वायरींचा जुडगा नको. चेसच्या सी-चॅनलच्या आतल्या बाजूने, वरच्या अंगाला ओढा. खालच्या अंगाला चिखल साचतो आणि फडातल्या सऱ्यांवरून जाताना उसाचे बुडखे घासतात. फुटा-दीड फुटावर केबल टाय. जिथे भोकातून जाते तिथे रबरी बुश. हुकाजवळ सैल झोळ ठेवा, मग ट्रॅक्टर डावीकडे पूर्ण वळवून बघा, उजवीकडे पूर्ण वळवून बघा. ताणही बसता कामा नये आणि जमिनीलाही टेकता कामा नये. तिथे केबलवर जाड रबरी पाइप चढवला तर उत्तम.

जोडांकडे लक्ष द्या, सगळी रडगाणी तिथूनच सुरू होतात. दोन वायरी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणं हा जोड नव्हे. पट्टीचा गोंद उन्हाने वितळतो, आत धूळ आणि ओल शिरते, तांबं आधी काळं आणि मग हिरवं पडतं. वरून पट्टी शाबूत असते, आत काही उरलेलं नसतं. वायर सोला, थिंबल (वायरीच्या टोकाला बसणारी धातूची टोपी) पक्कडीने नीट दाबा, शक्य असेल तर डाग द्या (सोल्डर करा), वरून आकसणारी स्लीव्ह चढवून लायटरने शेकवा. आतून गोंद असलेली स्लीव्ह मिळते, ती घ्या. गोंद बाजूने किंचित बाहेर आला की पाणी बंद झालं समजा.

अर्थचा बोल्ट असा करायचा. जागा पॉलिश पेपरने घासा, रंग आणि गंज जाऊन पांढरं लोखंड चमकलं पाहिजे. थिंबलखाली दातेरी वॉशर घाला, म्हणजे तो लोखंडात रुततो. आवळा. आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन चोपडा. आधी ग्रीस आणि मग थिंबल असं करू नका, आणि रंगारी आला की या बोल्टवर ब्रश फिरवू देऊ नका. नव्या हंगामाआधी ट्रॉली रंगवली आणि दिवे बंद पडले, अशी तक्रार दरवर्षी येते, तिचं मूळ या बोल्टवर चढलेला रंग असतो.

दिवे बसवायचे कुठे? भरलं की वाढे लोंबून सगळं झाकतं.

झाकलेला दिवा आणि नसलेला दिवा यात मागच्या मोटारसायकलवाल्याला फरक नाही. ऊस साट्याच्या (ट्रॉलीच्या माल भरायच्या भागाच्या) मागे हात-दोन हात बाहेर येतो, वाढे खाली लोंबतात, आणि चेसवर बसवलेला दिवा त्या पडद्याआड पेटत राहतो.

यावर लाइटची पाटी हा चांगला उपाय आहे. ट्रॉलीच्या रुंदीची लोखंडी पट्टी किंवा फळी, तिच्या दोन टोकांना टेललाइट-ब्रेक-इंडिकेटर, मधे नंबरप्लेट आणि लाल रेडियम. तिला दोन साखळ्या किंवा हुक, आणि लांब केबलला प्लग. ऊस भरून रोप (दोर) आवळून झाला की पाटी मोळ्यांच्या बाहेर टांगायची. कारखान्यावर गाडी खाली करायच्या आधी काढून केबिनमध्ये किंवा साट्याच्या पुढच्या बाजूला ठेवायची. यार्डात क्रेनच्या दणक्याने आणि रोपाच्या ओढीने जे दिवे फुटतात, तेही वाचतात. डबल ट्रॉली असेल तर एकच पाटी शेवटच्याला.

पाटी करायची नसेल तर निदान दिवे ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंच्या कडेला, बाहेर काढलेल्या कोनांवर लावा, वर जाळी घाला, आणि भरून झाल्यावर दिव्यासमोरचे वाढे कोयत्याने छाटा. ऊसतोड टोळीतल्या माणसाला एकदा सांगून ठेवलं की तो न विसरता करतो.

रेडियम लावलंय. मग दिव्यांची काय गरज?

रेडियम स्वतः उजेड देत नाही, दुसऱ्याच्या हेडलाइटचा उजेड त्याच्याकडेच परत पाठवतं. मागच्याचा हेडलाइट मिणमिणता, एका बाजूला वाकलेला किंवा बंद असेल तर रेडियम असून नसल्यासारखं. धुकं आणि धूळ असली तरी तसंच. उलट बाजूही आहे. वायर तुटली, बॅटरी बसली तरी रेडियम काम करत राहतं. म्हणून दोन्ही पाहिजेत.

बाजारात नुसता चमकदार रंगीत कागदही रेडियम म्हणून विकतात. ओळखायचा मार्ग असा. रात्री मोबाइलची टॉर्च डोळ्याशेजारी धरा आणि तीस-चाळीस पावलांवरून बघा. खरी पट्टी पेटल्यासारखी दिसते. टॉर्च डोळ्यापासून हातभर बाजूला नेली तर ती मंदावते, कारण ती उजेड आला तिकडेच परत फेकते.

रंग ठरलेले आहेत: पुढे पांढरा, बाजूला पिवळा, मागे लाल. बाजूच्या पिवळ्या पट्टीकडे लोक दुर्लक्ष करतात. पण शेतरस्त्यावरून निघालेली ट्रॉली रात्री डांबरी रस्ता ओलांडत असते तेव्हा ती रस्त्यावर आडवी असते. त्या अर्ध्या मिनिटात येणाऱ्याला ना टेललाइट दिसतो ना हेडलाइट, दिसली तर फक्त बाजूची पट्टी. ती साट्याच्या फळीवर वर लावा, चेसवर लावली तर चिखलाने दोन दिवसांत झाकते. हंगाम सुरू होताना बरेच कारखाने आणि आरटीओ मिळून रिफ्लेक्टर लावतात, कापडी पट्टेही वाटतात. ते घ्या, पण गावातून निघताना हाताने पुसायची सवय ठेवा.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत, आणि एरवीही उजेड कमी असेल तेव्हा, रस्त्यावरच्या वाहनाचे दिवे लागलेले हवेत. मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे आणि नंबरप्लेट पांढऱ्या उजेडात १५ मीटरवरून वाचता आली पाहिजे.

१५५ मीटर फार वाटतं, पण ताशी ६० किलोमीटरने येणारी मोटारसायकल सेकंदाला सुमारे १७ मीटर येते. समोर काहीतरी आहे हे उमगून ब्रेकवर पाय जाईपर्यंतच पंचवीस मीटर गेले, थांबायला आणखी तेवढेच. डिपर मारलेल्या साध्या हेडलाइटमध्ये चाळीस-पन्नास मीटरपुढे बिनदिव्याची ट्रॉली उमटतच नाही, आणि ऊस काळसर असतो.

ब्रेक लाइट कधी लागतो, कधी नाही.

पेडलचा स्विच बघा, चिखलाने अडकतो. ट्रॅक्टरला दोन ब्रेक पेडल असतात आणि काही ट्रॅक्टरमध्ये स्विच एकाच पेडलला असतो. शेतातून आल्यावर दोन पेडल जोडणारी पट्टी लावली नसेल आणि पाय दुसऱ्या पेडलवर पडला तर दिवा लागत नाही. दिव्याचं सोडा, भरल्या गाडीला एकाच चाकाचा ब्रेक लागणं त्याहून घातक आहे. रस्त्यावर पट्टी लावलेलीच हवी.

रात्री रस्त्यात ट्रॉलीचं टायर बसलं. दिवे रात्रभर चालू ठेवले तर बॅटरी उतरेल का?

पार्किंगचे पुढचे-मागचे मिळून ५ वॅटचे आठ बल्ब धरा. ४० वॅट, म्हणजे साडेतीन अँपिअरच्या आत. दहा तासांत ३३-३४ अँपिअर-तास. ट्रॅक्टरची बॅटरी साधारण ७५ ते ८८ ची असते, धडधाकट असेल तर सकाळी स्टार्ट घेते. चारही बाजूंचे इंडिकेटर रात्रभर मारत ठेवले तर जास्त ओढतात, ते थोडा वेळच वापरा. आणि टेपची गाणी बंद ठेवा, अँप्लिफायर या सगळ्यांच्या वर खातो. (ज्या गाडीला चार स्पीकर आहेत आणि मागे एक दिवा नाही, तिच्या मालकाशी काय बोलावं हे मला सुचत नाही.)

खरी अडचण वेगळी आहे. ट्रॅक्टर ट्रॉली सोडून चाक घेऊन पंक्चरवाल्याकडे जातो आणि भरलेली ट्रॉली रस्त्यावर एकटी, बिनकरंटची राहते. यासाठी घरातलाच इलाज आहे. फवारणीच्या बॅटरी पंपात साधारण १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची बॅटरी असते. दोन एलईडी टेललाइट मिळून तीन-चार वॅट घेतात, तेवढी बॅटरी त्यांना रात्रभर सहज पुरते. सात पिनचं एक जादा सॉकेट घेऊन त्याच्या ३ नंबरला निगेटिव्ह, ५ आणि ७ ला पॉझिटिव्ह जोडून ठेवा, मधे लहान फ्यूज टाका. ट्रॅक्टर गेला की ट्रॉलीचा प्लग त्यात.

रिफ्लेक्टरचा त्रिकोण ट्रॉलीला टेकवून ठेवू नका, निदान पन्नास पावलं मागे ठेवा, वळण असेल तर वळणाच्याही मागे. आणि दगड मांडायची पद्धत सोडा. ट्रॉली निघून जाते, दगड तिथेच राहतात.

ट्रॉलीला वेल्डिंग करताना ट्रॅक्टर सोडायला हवा का?

निदान सात पिनचा प्लग काढा आणि बॅटरीचं निगेटिव्ह सोडवा. वेल्डिंगचा करंट शेकडोच्या घरात असतो. त्याची अर्थ पकड लांब लावली असेल तर परतीला तो मिळेल तो रस्ता धरतो, त्यात तुमची दीड मिलिमीटरची वायर आली तर जळते, आणि एलईडी किंवा अल्टरनेटरचे डायोडही जातात. अर्थची पकड जिथे डाग मारायचा त्याच्या शेजारीच लावायला सांगा.

बैलगाडी किंवा जुगाडाला काय लावू?

रेडियम सगळ्या बाजूंनी, आणि मागे बॅटरीवरचा लाल दिवा. सायकलला लावतात तो लुकलुकणारा छोटा दिवाही नसण्यापेक्षा किती तरी बरा. ट्रॅक्टरमागे जोडलेल्या गाड्यांना मात्र वर सांगितलेलं सगळं लागू आहे.

हंगाम संपला. पावसाळ्यात ट्रॉली उभी राहणार. काय करून ठेवू?

लाइटची पाटी केली असेल तर ती काढून घरात टांगा. नसेल तर निदान दिवे काढा, चार नट-बोल्टचं काम आहे. होल्डरमधून बल्ब काढून संपर्काच्या जागांवर व्हॅसलिनचं बोट फिरवा. प्लग चिखलात लोळत ठेवू नका. तोंड खाली करून चेसला बांधा, वर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो आणि पिना आणखी लवकर गंजतात. सुती फडकं सैल बांधलं तरी पुरे. ट्रॅक्टरच्या सॉकेटचं झाकण स्प्रिंगने मिटतं का बघा.

उंदरांचा बंदोबस्त करायचा तर चेसमधलं पाचट झाडून काढा. ते त्यात घर करतात आणि वायर शेजारीच असते म्हणून कुरतडतात.

दसऱ्याच्या आसपास ट्रॉली बाहेर काढली की दोन माणसं लागतात. एक सीटवर, एक मागे वीस पावलांवर. पार्किंग, डावा, उजवा, ब्रेक, मग पार्किंग चालू ठेवून ब्रेक, आणि शेवटी सगळं एकदम चालू ठेवून मागच्याने प्लगची केबल हाताने हलवायची. हलवताना काही लुकलुकलं तर गाडी त्याच दिवशी वायरमनकडे न्या. टोळी आल्यावर त्याच्या दारात रांग असते. काम झालं की कोणती वायर कोणत्या पिनला जोडली ते कागदावर लिहून मागा आणि तो कागद टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा.